मिलिमीटरची मोजणी, आण्याची नोंद
(टिळकवाडी, बेळगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणिताच्या ज्या शिक्षकांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेले निम्मे लोक तरी आज समोर बसले आहेत. त्यांच्यासमोर मी सरांचा गौरव करणं म्हणजे माहेरच्या गोष्टी सासरच्याने सांगण्यासारखं होईल. तेव्हा ते काम तुमच्याकडे सोपवतो आणि विषयाला हात घालतो.

विषय आहे लेझरने अंतर मोजण्याचा. ते उपकरण आता आपल्याकडे अपूर्वाईचं राहिलेलं नाही. टिळकवाडीतले कौलारू बंगले एकेक करून पडतायत, जागी अपार्टमेंट उभी राहतायत, आणि प्रत्येक अपार्टमेंटमध्ये रंगाच्या डब्यांच्या अलीकडे कुणीतरी मोबाइलएवढं यंत्र भिंतीला टेकवून उभा असतो. बटण दाबतो, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटतो, टिक् असा आवाज येतो आणि पडद्यावर आकडा. एका ठिकाणी कपाटाच्या कोनाड्याचं माप घेणं चाललं होतं. इंटिरियरवाल्या मुलाने वाचलं, ‘दोन पॉइंट एक तीन सात.’ खाली बसलेल्या सुतार मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली आणि फळीवर लिहिलं: सात फूट एक सूत. मी घरी येऊन हिशेब केला. सात फूट म्हणजे २.१३३६ मीटर, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आतबाहेर. बेरीज २.१३६८. मिस्त्रींचं रूपांतर यंत्राच्या शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर होतं, आणि तेही कॅल्क्युलेटरशिवाय.

आता त्या मुलाला विचारलं की यंत्राने काय मोजलं, तर तो म्हणेल, अंतर. इथेच थोडं थांबायला हवं. टेप अंतर मोजते. म्हणजे एका लांबीला दुसरी लांबी लावून दाखवते. या यंत्रात लांबी कुठेच नाही. ते वेळ मोजतं. प्रकाश गेला कधी, परत आला कधी, एवढंच त्याला कळतं. उरलेलं सगळं गुणाकार-भागाकार. आणि तो प्रवास सुरू कुठून झाला, संपला कुठे, हे तर त्याला अजिबातच कळत नाही. ते आपण ठरवतो, आणि बरेचदा न ठरवताच बटण दाबतो. आजच्या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते एवढंच. पण त्यासाठी यंत्राच्या पोटात शिरावं लागेल.

प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. म्हणजे एका नॅनोसेकंदात, सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो. आपला प्रकाश भिंतीपर्यंत जाऊन परत येतो, म्हणून नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतरात १५ सेंटिमीटरची चूक. मिस्त्रींना हवं आहे एक मिलिमीटर. त्यासाठी घड्याळ सुमारे पावणेसात पिकोसेकंद ओळखणारं पाहिजे, आणि पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. पाच-सहा हजार रुपयांत मिळणाऱ्या, दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या डबीत असं घड्याळ बसवायचं कसं?

उत्तर असं, की बसवायचंच नाही. युक्ती वेगळीच आहे आणि ती बरीच जुनी आहे.

१८४९ साली फ्रान्समध्ये इपोलित फिझो या गृहस्थाने पॅरिसजवळ सुरेन इथे एक दिवा, भिंग आणि ७२० दात्यांचं एक चाक मांडलं. समोर, ८,६३३ मीटरवर, मॉंमार्त्रच्या टेकडीवर आरसा. चाक फिरवलं की दात्यांमधून प्रकाशाचे तुकडे तुकडे होऊन बाहेर पडत. तुकडा आरशापर्यंत जाऊन परत येईतो चाक किंचित पुढे सरकलेलं असे. वेग वाढवत नेला तर एका विशिष्ट वेगाला परत येणारा तुकडा बरोबर पुढच्या दात्यावर आपटतो आणि बघणाऱ्याला अंधार दिसतो. चाकाचा वेग माहीत, अंतर माहीत, मग प्रकाशाचा वेग निघाला. चार-पाच टक्के जास्तच निघाला, पण जमिनीवर बसून काढलेला तो पहिला.

फिझोने अंतर दिलं आणि वेग काढला. सुमारे शंभर वर्षांनी स्वीडनच्या एरिक बर्गस्ट्रँड यांनी हेच गणित उलटं वाचलं. हे भूमापनातले माणूस. १९४० च्या दशकात तेही प्रकाशाचा वेगच काढत होते, मात्र दातेरी चाकाऐवजी विजेच्या दाबाने प्रकाश कमीजास्त करणारी झडप वापरून. वेग पुरेसा नेमका हाती आल्यावर त्यांनी प्रश्न फिरवला: वेग माहीत आहे, तर अंतर का काढू नये? त्यातून जिओडिमीटर हे यंत्र जन्माला आलं. ते अगडबंब होतं आणि दिवसाउजेडी त्याचं फारसं चालत नसे, रात्री टेकड्यांवर नेऊन काम करावं लागे. पण ज्या मोजणीला पूर्वी महिने लागत ती एका रात्रीत होऊ लागली. मग १९६० च्या मे महिन्यात थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत माणकाचा पहिला लेझर पेटवला. आपल्याकडेही फार उशीर झाला नाही. तुर्भ्याच्या अणुऊर्जा संस्थेत, म्हणजे आजच्या भाभा केंद्रात, १९६४ साली गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेझर तयार झाला. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेझरसंशोधनाची घडी ज्यांनी बसवली ते पहिले संचालक दिलीप भवाळकर, आपल्याच मराठी माणसांपैकी. हातात मावणारा लेझर मीटर मात्र १९९३ साली स्वित्झर्लंडच्या लायका कंपनीने ‘डिस्टो’ या नावाने बाजारात आणला. आज बाजारात डझनभर कंपन्यांचे मिळतात, पण आतला जीव तोच.

तो जीव काय? मिस्त्रींच्या शेजारच्या त्या डबीत एक लेझर डायोड आहे. त्याचा प्रकाश लाल, तरंगलांबी ६३५ नॅनोमीटरच्या आसपास, शक्ती एक मिलिवॅटहून कमी. हा प्रकाश आपल्याला स्थिर दिसतो, पण तो स्थिर नसतो. सेकंदाला कोट्यवधी वेळा तो मंद-प्रखर होत असतो. समजा दहा कोटी वेळा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झने. मग प्रखर भागापासून पुढच्या प्रखर भागापर्यंतची लांबी भरते तीन मीटर. ही फिझोच्या चाकाचीच इलेक्ट्रॉनिक आवृत्ती. भिंतीवरून परत आलेल्या प्रकाशातही तोच चढउतार असतो, फक्त तो जाऊन आल्यामुळे मागे पडलेला असतो. जाणाऱ्या आणि येणाऱ्या चढउतारांत किती फरक पडला, एवढंच यंत्र बघतं. पूर्ण आवर्तनाच्या हजाराव्या भागापर्यंत फरक ओळखता आला, तरी अंतर दीड मिलिमीटरपर्यंत कळतं. पिकोसेकंदाच्या घड्याळाची गरजच उरली नाही.

यात एक अडचण आहे, आणि तुमच्यातल्या गणितवाल्यांच्या ती लक्षात आली असेल. चढउतार दर दीड मीटरला स्वतःची पुनरावृत्ती करतो. फरक सांगेल, ‘वर ६३ सेंटिमीटर’. पण कशाच्या वर? दीड मीटरच्या, तीनच्या, की साडेचारच्या? घड्याळात फक्त मिनिटकाटा असावा आणि त्याने वीस मिनिटं दाखवावीत, तशी गत. तासकाट्याचं काम करायला यंत्र दुसरी, संथ कंपनसंख्या वापरतं. १ मेगाहर्ट्झने चढउतार केला तर पुनरावृत्ती १५० मीटरने होते. तो ढोबळ आकडा देतो, वेगवान कंपन बारीक आकडा देतं, आणि दोन्ही जुळवून पडद्यावर २.१३७ उमटतं. बटण दाबल्यावर जो अर्धा-एक सेकंद जातो तो प्रकाशाच्या प्रवासाचा नाही. प्रकाश केव्हाच येऊन गेलेला असतो. तो वेळ जातो या जुळवाजुळवीत आणि हजारो वाचनांची सरासरी काढण्यात.

सरासरी का लागते, ते परतणाऱ्या प्रकाशाचा हिशेब मांडला की कळतं. चुना लावलेली भिंत म्हणजे काही आरसा नव्हे. ठिपका पडला की प्रकाश सगळीकडे विखुरतो. भिंत ३० मीटरवर असेल आणि यंत्राचं भिंग दोन सेंटिमीटरचं, तर विखुरलेल्या प्रकाशाच्या एक कोटी भागांतला जेमतेम एक भाग त्या भिंगात शिरतो. त्यात खिडकीतलं ऊन आणि ट्यूबलाइटचा उजेड मिसळलेला. म्हणून भिंगामागे फक्त लाल प्रकाश सोडणारी काच असते, तिच्यामागे एका प्रकाशकणाचे अनेक इलेक्ट्रॉन करणारा संवेदक, आणि त्याच्यामागे ही सरासरीची चक्की. ठिपका काळ्या सोफ्यावर पडला तर यंत्र कुरकुरतं. खिडकीच्या काचेवर पडला तर कधी काचेचं अंतर देतं, कधी रस्त्यापलीकडच्या झाडाचं. टिळकवाडीत दुपारच्या उन्हात बाहेर दहा-पंधरा मीटरपलीकडे ठिपका डोळ्यांना दिसतच नाही. त्यासाठी पांढरी किंवा लाल पाटी समोर धरावी लागते.

चढउतारांतला फरक न बघता थेट वेळ मोजणारी यंत्रंही आहेतच. लांबच्या पल्ल्याला तीच बरी. पुणे–बेंगळुरू महामार्गावर निपाणीच्या अलीकडे-पलीकडे कुठे पोलिसांची गाडी उभी दिसली की आपण ब्रेकवर पाय ठेवतो. त्यांच्या हातातली लेझर बंदूक अवरक्त प्रकाशाचे, डोळ्यांना न दिसणारे, झटके सोडते आणि प्रत्येक झटक्याला गाडी किती अंतरावर आहे ते टिपते. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाच्या तीन दशांश भागात सव्वाआठ मीटर पुढे येते. एवढ्या वेळात अनेक झटके होऊन जातात. मग वेग म्हणजे साधी वजाबाकी. इथे एखाद-दोन सेंटिमीटरची चूक कोण विचारतो?

याच पद्धतीने चंद्रही मोजला जातो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे काचेच्या कोपऱ्यांची पेटी ठेवली. कोपऱ्यात मारलेला चेंडू जसा तीन भिंतींना लागून आल्या वाटेने परत फिरेल, तशी तिची रचना आहे, प्रकाश कुठूनही येवो. पृथ्वीवरून सोडलेला झटका अडीच सेकंदांनी परत येतो. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरने दूर जातोय हे याच मोजणीतून कळलं. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रमवरही असा परावर्तक आहे, जेमतेम पाच सेंटिमीटरचा. १२ डिसेंबर २०२३ ला नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून त्यावर झटके सोडले आणि उत्तर मिळवलं. विक्रम तेव्हा कायमचा निजलेला होता. काचेला वीज लागत नाही.

आणखी एक प्रकार नुसता सांगून पुढे जातो, कारण तो आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांमधला. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्राचा टेबल सांगितला तेवढाच सरकतो का, हे तपासायला लेझर इंटरफेरोमीटर आणतात. त्यात हीलियम-निऑन लेझरच्या ६३२.८ नॅनोमीटरच्या लाटाच मोजपट्टी होतात. आरसा अर्धी लाट सरकला की प्रकाशाची एक पट्टी पुढे जाते. म्हणजे मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागालाही आवाज मिळतो. पण ते सुतारकामाला उपयोगाचं नाही. शिवाय या मोजणीसाठी कारखान्यातलं तापमान आवरावं लागतं.

तापमानाचा विषय निघालाच आहे. मोजपट्टीचा खरा शत्रू तोच. पोलादी टेप ३० मीटरची घ्या. सकाळच्या आणि दुपारच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला तर ती सात मिलिमीटर वाढते. विल्यम लॅम्ब्टन यांनी १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजायला घेतली. साडेसात मैलांना त्यांना ५७ दिवस लागले. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांमध्ये ठेवायची, उन्हापासून झाकायची, थर्मामीटर लावायचे, दुरुस्त्या करायच्या. या माणसाने पुढची वीस वर्षं देशाच्या मध्यातून त्रिकोण रचत नेले, आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला देह ठेवला. त्यांची कबर तिथे आहे. आज ती साडेसात मैलांची रेषा एखादा डिप्लोमा झालेला मुलगा टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र) आणि प्रकाश परतवणारा प्रिझम घेऊन नाश्त्याआधी मोजेल.

मोजेल, पण हवा विसरला तर चुकेल. प्रकाशाचा जो वेग मघा सांगितला तो निर्वात पोकळीतला. हवेत तो दहा हजारांत तीन भागांनी मंदावतो. म्हणजे किलोमीटरमागे तीसेक सेंटिमीटरचा प्रश्न. यंत्रात एक ठराविक हवा गृहीत धरलेली असते, बहुधा समुद्रसपाटीची. आता बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथे हवेचा दाब गोव्यापेक्षा ऐंशी-नव्वद मिलिबारने कमी, हवा विरळ, प्रकाश किंचित जास्त वेगवान. पणजीत जुळवलेलं यंत्र चोर्ला घाट चढून बेळगावात आणलं आणि दाबाचा आकडा बदलला नाही, तर किलोमीटरमागे दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा फरक पडेल. तापमानाचं म्हणाल तर एका अंशाला किलोमीटरमागे एक मिलिमीटर. दिवाणखान्यात हे काहीच जाणवत नाही. पुलाच्या खांबांची आखणी करणाऱ्याला जाणवतं, म्हणून चांगला सर्व्हेअर सकाळी आधी थर्मामीटर आणि दाबमापक बघतो, मग दुर्बिणीला डोळा लावतो.

मीटर म्हणजे काय, याचं उत्तर १९८३ पासून असं दिलं जातं: प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितकं अंतर जातो तितकं. पॅरिसजवळच्या तिजोरीतल्या धातूच्या पट्टीचा मान तर त्याआधीच गेला होता. तेव्हा तत्त्वाने पाहिलं तर दुकानात टांगलेली टेप ही मीटरची नक्कलेची नक्कल, आणि लेझरची डबी मीटरच्या व्याख्येच्या बरीच जवळची. असं असताना मापावरून होणारी भांडणं का मिटत नाहीत?

बेळगावात ‘हद्द’ म्हटलं की सभागृह सावरून बसतं. घाबरू नका, आजचा विषय दोन राज्यांमधल्या त्या हद्दीचा नाही. ती लेझरच्या पल्ल्याबाहेरची आहे. मी बोलतोय शेताच्या बांधाविषयी.

आपल्या भागातल्या जमिनींची मूळ मोजणी मुंबई इलाख्याच्या रेव्हेन्यू सर्व्हेतून आली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ती पद्धत बसवली. १८४७ च्या जॉइंट रिपोर्टाने तिचे नियम पक्के झाले आणि बेळगाव-धारवाडकडेही तीच आली. या मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळीचे भाग १६, आणि भागाला नाव आणा. हे आणेवारीचं गणित फार सुरेख आहे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. एक साखळी लांब, एक आणा रुंद म्हणजे गुंठ्यातला एक आणा. चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्याला रुपये-आणे मोजता येत होते त्याला शेत मोजता येत होतं. शंकू-साखळीने मोजणारा मोजणीदार, त्याचं टिपण, त्यावर रेघांशेजारी लिहिलेले साखळी-आण्यांचे आकडे. हे कागद नकलून-नकलून आजही चालतात. हद्दबस्तासाठी, म्हणजे हद्द कायम करून घेण्यासाठी, अर्ज केला की शेवटी त्याच टिपणावर बोट ठेवलं जातं.

आता एक आणा म्हणजे किती? ३३ फुटांचा सोळावा भाग, दोन फूट पाऊण इंच. सुमारे ६३ सेंटिमीटर.

येळ्ळूरच्या शिवारातलं एक भाताचं शेत डोळ्यांसमोर आणा. टिपणात एका बाजूची लांबी लिहिली आहे ८ साखळ्या ५ आणे. म्हणजे २७४ फूट आणि वर जवळजवळ चार इंच, मीटरमध्ये ८३.६१. मालकाचा मुलगा पुण्यात इंजिनिअर. तो भाड्याने यंत्र आणतो, या बांधावर उभं करतो, त्या बांधावर प्रिझम धरायला चुलतभावाला पाठवतो. आकडा येतो ८३.४१२. वीस सेंटिमीटर गायब! शेताची रुंदी चार साखळ्या धरली तर ८६ चौरस फूट शेजाऱ्याने गिळले. दरवर्षी नांगराच्या फाळाने बांध कोरतो अशी शंका होतीच, आता लेझरने पुरावा दिला. संध्याकाळी दोन्ही घरांतली माणसं आमनेसामने.

पण पुरावा कशाचा? टिपण लिहिणाऱ्याने माप जवळच्या पुऱ्या आण्यापर्यंत लिहिलं असेल, तर लिहितानाच अर्ध्या आण्याची, म्हणजे ३१ सेंटिमीटरची, ढिलाई त्यात शिरली. ८३.३० असो की ८३.९०, त्याने ‘८ साखळ्या ५ आणे’ असंच लिहिलं असतं. मुलाचे वीस सेंटिमीटर या ढिलाईच्या पोटात मावतात. त्याच्या यंत्राने शेजाऱ्यावर काहीही सिद्ध केलं नाही. आणि सुटकाही केली नाही, हेही खरं. ज्या नोंदीला इंच माहीत नाहीत तिच्याकडून मिलिमीटरची साक्ष काढता येत नाही. यंत्र बारीक झालं म्हणून कागद बारीक होत नाही.

यापुढे आणखी प्रश्न आहेत. प्रिझम बांधाच्या मध्यावर धरला की आपल्या बाजूच्या कडेला? पावसाळ्यात बांध दोन फूट पसरतो, उन्हाळ्यात खचतो. मूळ हद्दीचा दगड जागेवर आहे की कुणी गोठ्याच्या पायरीला नेला? आणि जमीन उतरती असेल तर यंत्र तिरकं अंतर देतं, जमिनीचा हिशेब मात्र आडव्या अंतरावर चालतो. दहा अंशांच्या उतारावर ८३ मीटरमागे सव्वा मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे दोन आणे! टोटल स्टेशन हा कोन आपला आपण मोजून दुरुस्ती करतं, दुकानातल्या साध्या डबीत ती सोय असतेच असं नाही. पुण्याच्या इंजिनिअरलाही हे ठाऊक असतं, पण ते आठवायला रागात जागा नसते.

सरकारी मोजणीत आता उपग्रहांचे संकेत घेणारे रोव्हर आले आहेत. तिथे लेझर नाही, रेडिओ लहरी आहेत, पण तत्त्व तेच: लहर निघाली कधी, पोचली कधी. काही सेंटिमीटरपर्यंत ठिकाण सांगतात. तेही सांगतात ते ठिकाण, मालकी नव्हे. नवी मोजणी नव्या यंत्राने करून नवी नोंद दोन्ही बाजूंच्या सहीने झाली, तर पुढच्या पिढीचं भांडण निदान सेंटिमीटरवर येईल. जुनी नोंद आणि नवं यंत्र यांची गाठ घालणं हे मात्र माणसाचंच काम राहतं, आणि अनुभवी मोजणीदार ते कसं करतो हे बघण्यासारखं असतं. तो एकट्या बाजूवर बोलत नाही. सगळ्या सर्व्हे नंबरची आकृती घेतो, टिकून राहिलेले दगड, जुनी विहीर, गाडीवाट, ओढ्याचं वळण असे ठिकठिकाणचे पुरावे जुळवतो, पडलेला फरक सगळ्या बाजूंवर वाटून बघतो, आणि मग खुंटी ठोकतो. यंत्र तोपर्यंत जीपमध्ये असतं.

हाच घोळ शहरात फ्लॅटच्या मापात होतो. नवा मालक किल्ली मिळाल्याच्या दिवशी लेझर डबी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो, लांबी-रुंदीचे गुणाकार करतो, बेरीज करतो आणि करारातल्या कार्पेट एरियापेक्षा वीस-पंचवीस चौरस फूट कमी भरले म्हणून बिल्डरकडे धावतो. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंतींची जाडी धरत नाहीत, पण फ्लॅटच्या आतल्या, खोल्यांमधल्या भिंतींची जाडी धरतात. डबी भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत मोजते, भिंतीच्या पोटात शिरत नाही. कमी भरलेले फूट बरेचदा त्या भिंतींतच उभे असतात. नेहमीच असतात असं मी म्हणत नाही. बिल्डरांची वकिली करायला मी इथे आलेलो नाही! मोजताना कुठून कुठपर्यंत ते आधी करारात वाचा, मग मोजा, एवढंच.

डबीतही हा प्रश्न एका छोट्या बटणात दडलेला आहे. जवळजवळ प्रत्येक यंत्रात माप पुढच्या कडेपासून धरायचं की मागच्या, हे निवडता येतं. यंत्राची स्वतःची लांबी दहा-बारा सेंटिमीटर. मागची कड भिंतीला टेकवली आणि निवड पुढच्या कडेची राहिली, तर प्रत्येक खोली दहा-बारा सेंटिमीटरने आखडते, आणि पडद्यावर आकडा तेवढ्याच रुबाबात तीन दशांश स्थळांपर्यंत उमटतो. आमचे सुतार मिस्त्री म्हणूनच नवं यंत्र हातात आलं की आधी फुटपट्टीने तपासलेल्या आपल्या कामाच्या बाकावर मोजून बघतात. आठवड्यातून एकदा तरी बघतातच. त्यांचं टेपवरचं प्रेम अजून कमी झालेलं नाही. कोनाड्यात, कोपऱ्यात, वाकड्या भिंतीच्या बेचक्यात टेपच चालते, आणि जुन्या टिळकवाडीतल्या घरांत सरळ भिंत मिळणं दुर्मीळच. मातीच्या भिंतीवर चुन्याचे थर चढत गेलेले, गुण्या लावला तर कोपरा कुठेच काटकोनात नाही. अशा घरात एका ठिकाणी मोजलं तर २.१३७, हात फिरवून वीतभर वर मोजलं तर २.१५१. दोन्ही आकडे खरे. कपाट मात्र धाकट्या आकड्यावर बेतायचं.

शेवटी सुरक्षिततेचं. ही यंत्रं दुसऱ्या वर्गातल्या लेझरची असतात. चुकून डोळ्यांवर प्रकाश गेला तर पापणी आपोआप मिटते आणि तेवढं संरक्षण पुरतं. पण मुद्दाम टक लावून बघू नये, मुलांच्या हाती खेळणं म्हणून देऊ नये, आणि दुर्बिणीतून तर मुळीच बघू नये, कारण दुर्बीण सगळा प्रकाश गोळा करून बुबुळात ओतते. बाजारात स्वस्तात मिळणारे हिरवे लेझर पेन ही वेगळी आणि धोक्याची गोष्ट आहे. सांबऱ्याला उतरणाऱ्या विमानाकडे ते रोखणं हा गुन्हा आहे, गंमत नव्हे.

व्यासपीठाजवळच्या टेबलावर एक लेझर डबी, एक ३० मीटरची पोलादी टेप आणि एक जुनी साखळी ठेवली आहे. साखळी एका श्रोत्यांच्या घरातून आली आहे, तिच्या दोन कड्या नंतर बदललेल्या दिसतात. प्रश्नांसाठी संयोजकांनी वीस मिनिटं राखली आहेत. ज्यांना हातात घेऊन बघायचं आहे त्यांनी या भिंतीपासून त्या दारापर्यंत तिन्हींनी मोजून बघावं. फक्त दार उघडं आहे की बंद, ते आधी आपापसांत ठरवा.